ग्रंथपालाच्या कारभारात समाजमाध्यमे

सन १९२४ च्या आरंभी मद्रास विद्यापीठाने शियाळी रामामृत रंगनाथन या गणिताच्या अध्यापकाची आपला पहिला ग्रंथपाल म्हणून नेमणूक केली, तेव्हा या पदावर रुजू झालेल्या त्या गृहस्थांना थोड्याच दिवसांत असे आढळून आले की, ग्रंथालयात ग्रंथ आहेत, कपाटे आहेत, वेतनही पूर्वीपेक्षा बरे आहे, परंतु ज्यांच्यासाठी हा सारा पसारा मांडला ते वाचक मात्र तिकडे फारसे फिरकत नाहीत. वर्गातील विद्यार्थ्यांच्या सहवासाला सरावलेल्या त्या मनाला ही निर्जनता इतकी असह्य झाली की, आपल्याला पुन्हा अध्यापनाच्या कामावर घ्यावे अशी विनंती त्यांनी केली. परंतु ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांना लंडनला जावयाचे होते, आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये समाजाच्या सर्व थरांतील माणसांनी गजबजलेली पाहून त्यांचे मत पूर्णपणे पालटले. मायदेशी परतल्यावर सुमारे वीस वर्षे त्यांनी मद्रासचे ग्रंथालय सांभाळले, आणि १९३१ मध्ये जी पाच सूत्रे त्यांनी ग्रंथरूपाने मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरवले व ग्रंथालय ही सतत वाढत जाणारी सजीव संस्था मानली.

समाजमाध्यमांच्या चर्चेत हा जुना वृत्तांत प्रथम सांगण्याचे कारण असे की, फेसबुक, व्हॉट्सॲप वा रिसर्चगेट यांच्या आगमनाने ग्रंथपालाला वाचकाकडे चालत जाण्याची बुद्धी प्रथमच झाली, असा जो समज अलीकडे रूढ होत आहे तो इतिहासाला धरून नाही. वाचकापर्यंत पोचण्याची तळमळ या व्यवसायात शंभर वर्षांपासून आहे. नव्या साधनांनी बदलले ते पोचण्याच्या वाटा, त्या वाटांवरील मालकी, आणि त्या वाटांवर दिवसरात्र उभे राहणाऱ्या माणसाचे आयुष्य. यांपैकी पहिल्या गोष्टीविषयी पुष्कळ बोलले जाते, दुसरीविषयी थोडे, आणि तिसरीविषयी जवळजवळ काहीच नाही.

संगणक येण्यापूर्वीच्या विद्यापीठीय ग्रंथपालाचा दिनक्रम दप्तराच्या शिस्तीने बांधलेला असे. आलेल्या ग्रंथाची दाखल नोंदवहीत नोंद करणे, त्याचा वर्गांक ठरवणे, तालिकापत्रे लिहून ती खणांत क्रमवार लावणे, मुदत उलटलेल्या ग्रंथांसाठी स्मरणपत्रे धाडणे, न पोचलेल्या अंकांबद्दल पुरवठादारांशी पत्रव्यवहार करणे, आणि वर्षअखेरीस कपाटन् कपाट तपासून ग्रंथपडताळणीचा अहवाल सादर करणे, असा तो शिरस्ता होता. आपल्याकडे नसलेला एखादा ग्रंथ दुसऱ्या विद्यापीठाकडून आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागवावयाचा तर पत्र, मंजुरी, टपाल आणि पोच यांत कित्येक आठवडे जात. १९८८ मध्ये दिल्लीत डेलनेट आणि १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा भारतातील ग्रंथालये परस्परांशी संगणकाने जोडण्याची पहिली मोठी तजवीज झाली. परंतु ते जोडणे संस्थांचे आणि त्यांच्या ग्रंथसूचींचे होते. माणसाला माणूस जोडणारी साधने पुढे आणखी दहा-पंधरा वर्षांनी आली.

यांपैकी सर्वांत गाजलेले साधन विद्यापीठाच्याच आवारात जन्मले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या फेसबुकवर प्रारंभी विद्यापीठाचा ईमेल पत्ता असलेल्यांनाच प्रवेश होता, आणि सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. आपले सारे विद्यार्थी जेथे जमतात तेथे आपणही असावे, या स्वाभाविक विचाराने अमेरिकेतील काही विद्यापीठीय ग्रंथालयांनी आपल्या नावाने तेथे खाती उघडली. परंतु खाते व्यक्तीचेच असावे, संस्थेचे नसावे, असा त्या कंपनीचा नियम असल्यामुळे ती खाती बंद करण्यात आली, आणि संस्थांसाठी स्वतंत्र पानांची सोय होण्यास नोव्हेंबर २००७ उजाडावा लागला. त्याच वर्षी लॉरी चार्निगो आणि पॉला बार्नेट-एलिस या अलाबामातील दोन ग्रंथपालांनी १२६ विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथपालांची मते अजमावून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, फेसबुक जवळजवळ सर्वांना ठाऊक होते, काहींना त्याचा उत्साहही होता, पण बहुसंख्यांच्या मते ते आपल्या व्यावसायिक कार्यकक्षेबाहेरचे होते.

त्या बहुसंख्यांचे मत पुढे मागासलेले ठरवण्यात आले. मला मात्र त्यात तथ्याचा मोठा अंश दिसतो. विद्यार्थी त्या ठिकाणी मित्रांना भेटण्यासाठी जातो. तेथे ग्रंथालयाने मैत्रीचा हात पुढे करावा अशी त्याची अपेक्षा नसते, आणि कोणी केलाच तर त्याला थोडा संकोचच होतो. आज आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांची जी पाने दिसतात, त्यांपैकी अनेकांवर जयंत्या-पुण्यतिथ्यांची अभिवादने, सणांच्या शुभेच्छा आणि उद्घाटनाची छायाचित्रे यांची रेलचेल असते, तर एखाद्या विद्यार्थ्याने खाली विचारलेला साधा प्रश्न, म्हणजे परीक्षेच्या काळात अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहील एवढाच, उत्तरावाचून पडून राहतो. जाहिरातीचे साधन म्हणून समाजमाध्यमांकडे पाहणाऱ्या ग्रंथालयांना त्यांचा लाभ अल्प झाला. ज्यांनी त्यांना संदर्भसेवेचे दालन मानले, त्यांच्या कामात मात्र खरोखरच पालट झाला.

हा पालट भारतात विशेषतः व्हॉट्सॲपच्या द्वारे घडला. २००९ मध्ये निघालेले हे साधन पुढे प्रत्येकाच्या खिशात आले, आणि ग्रंथपालांनी आपापसांत समूह स्थापन केले. काही जिल्ह्याचे, काही विद्यापीठाच्या कक्षेचे, काही एखाद्या संगणकप्रणालीपुरते. एखाद्या तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच असतो. हाताखाली एखादा लेखनिक आणि एखादा परिचर. व्यवसायातील अडचण समजेल असा दुसरा माणूस त्या आवारात नसतो. त्याने कोहा ही मुक्त संगणकप्रणाली बसवताना अडलेली गोष्ट रात्री समूहावर विचारावी, आणि पुण्याच्या वा कोल्हापूरच्या एखाद्या अनुभवी व्यवसायबंधूने पडद्याचे छायाचित्र पाठवून ती उलगडून द्यावी, हे आता नित्याचे झाले आहे. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० च्या आरंभी कार्यान्वित झालेली ती प्रणाली आपल्या ग्रामीण महाविद्यालयांत रुजली, यात या परस्परसाहाय्याचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. प्रशिक्षणवर्ग वर्षातून एकदा होतो, अडचण मात्र रोज येते.

लेख मिळवून देण्याच्या कामातही असेच झाले. एखादी संशोधक विद्यार्थिनी ग्रंथपालाकडे येते आणि एका जुन्या नियतकालिकातील निबंध हवा असल्याचे सांगते. तिच्याजवळच्या टिपणात लेखकाचे आडनाव आणि अर्धवट शीर्षक एवढेच असते. प्रथम ग्रंथपालाने तो संदर्भ पुरा करावयाचा: खंड, अंक, वर्ष, पृष्ठे आणि असल्यास डीओआय नामक कायम ओळखक्रमांक यांचा शोध घ्यावयाचा. मग आपल्या विद्यापीठाच्या वर्गणीत ते नियतकालिक येते काय, लेखकाने त्याची मुक्त प्रत कोठे ठेवली आहे काय, हे पाहावयाचे. आणि हे सारे उपाय खुंटल्यावरच समूहावर विचारणा करावयाची. पाहणाराला शेवटची विचारणा आणि पाच मिनिटांत आलेली पीडीएफ एवढेच दिसते. त्याआधीच्या शोधात जी विद्या खर्ची पडली ती दिसत नाही, आणि ग्रंथपालाच्या कामाविषयीचे पुष्कळसे अज्ञान येथेच उगम पावते.

या देवघेवीला कायद्याची बाजू आहे, आणि ती ग्रंथपालालाच सांभाळावी लागते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खाजगी अभ्यास व संशोधन यांसाठीच्या उचित वापराला मुभा देते, आणि भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या ग्रंथाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी काढण्याचीही सवलत देते. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या गाजलेल्या खटल्यात तीन मोठ्या प्रकाशकांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला, तेव्हा अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींना मिळणाऱ्या संरक्षणावर मोठाच प्रकाश पडला. परंतु विजकीय नियतकालिके विद्यापीठ विकत घेत नाही, करारान्वये वापरते. आणि त्या करारांत वापरकर्ते कोण, किती मजकूर उतरवून घ्यावा, तो कोणाला द्यावा, यांची बंधने घातलेली असतात. आवारातील एखाद्या संगणकावरून शेकडो लेख एकदम उतरवले गेल्याचे प्रकाशकाच्या ध्यानात आले, तर साऱ्या विद्यापीठाचा प्रवेश तात्पुरता रोखला जाऊ शकतो, आणि त्याचा खुलासा ग्रंथपालाकडे मागितला जातो. २०११ मध्ये ट्विटरवर एका विशिष्ट खुणेसह लेखाचे नाव व आपला पत्ता टाकून अनोळखी संशोधकांकडून प्रती मिळवण्याची रीत सुरू झाली, तेव्हा ग्रंथपालांपुढे मोठाच पेच उभा राहिला. कारण आपल्या वाचकाला ग्रंथालयात येऊन विचारण्यापेक्षा परक्याला विचारणे सोपे वाटते, ही गोष्ट त्या रीतीने उघड केली होती.

मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली आणि ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा या साधनांची कसोटी लागली. आवाराच्या जाळ्याबाहेरून, घरूनच, विद्यापीठाच्या वर्गणीतील नियतकालिके वाचता यावीत यासाठी इन्फ्लिबनेटची इन्फेड ही व्यवस्था होती. पण ती वापरावयाची कशी, हे हजारो विद्यार्थ्यांना कोणी तरी समजावून सांगणे आवश्यक होते, आणि ते काम ग्रंथपालांनी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून, स्वतःच्या खर्चाने केले. त्या काळात दिले गेलेले खाजगी क्रमांक विद्यार्थ्यांजवळ तसेच राहिले. टाळेबंदी उठली, रात्रीच्या विचारणा उठल्या नाहीत.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता देऊन २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले, आणि ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना खुली करण्याचे ठरवले. लेखांच्या दुर्भिक्षावर हा मोठाच उतारा आहे, यात संशय नाही. तथापि ज्या संस्था या कक्षेत येत नाहीत त्यांच्या ग्रंथपालांना समूहांची गरज पूर्वीइतकीच राहील.

आता ज्या प्रकरणात ग्रंथपालाचे काम सर्वांत अधिक बदलले त्याकडे वळतो. २००८ या एकाच वर्षी रिसर्चगेट आणि अकॅडेमिया ही संशोधकांची दोन समाजमाध्यमे निघाली. पहिल्याचा प्रारंभ इजाद मादिश व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केला, दुसऱ्याचा रिचर्ड प्राइस यांनी. प्राध्यापकाने तेथे आपले खाते उघडावे, आपले निबंध टाकावेत, कोणी वाचले व कोणी उद्धृत केले ते पाहावे, ही योजना विद्वानांना स्वाभाविकपणेच भावली. परंतु निबंध टाकताना तो कोणत्या अवस्थेतील टाकावा याचा विचार फार थोड्यांनी केला. एका निबंधाची तीन रूपे असतात. लेखकाने नियतकालिकाकडे प्रथम धाडलेला मसुदा हे पहिले. परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून संपादकाने स्वीकारलेले, पण अद्याप न छापलेले हस्तलिखित हे दुसरे. आणि प्रकाशकाने जुळवून, पृष्ठांक घालून, आपली मुद्रा उमटवून प्रसिद्ध केलेले ते तिसरे. प्रकाशकांच्या करारांत पहिले रूप बहुधा कोठेही ठेवता येते, दुसरे काही मुदतीनंतर आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवता येते, आणि तिसरे, तो निबंध मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेला नसेल तर, सहसा कोठेच ठेवता येत नाही. प्राध्यापकांनी मात्र सर्रास तिसरेच ठेवले.

याचे परिणाम लवकरच दिसले. २०१३ च्या अखेरीस एल्सेव्हिअर या प्रकाशकाने अकॅडेमियाला निबंध काढून टाकण्याच्या नोटिसा बजावल्या. २०१७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी आणि एल्सेव्हिअर यांनी रिसर्चगेटवर जर्मनीत खटला भरला, पुढील वर्षी अमेरिकेत दुसरा भरला, आणि ही सारी प्रकरणे २०२३ मध्ये तडजोडीने मिटली. एखाद्या सकाळी आपले लेख खात्यावरून नाहीसे झालेले पाहून प्राध्यापक ज्याच्याकडे धाव घेतो तो माणूस म्हणजे विद्यापीठाचा ग्रंथपाल. करारनाम्याचा अर्थ लावणे, कोणते रूप कोठे ठेवावे ते सांगणे, स्वीकृत हस्तलिखित जपून ठेवण्याची सवय लावणे, हे काम त्याच्याकडे कोणत्याही हुकुमान्वये आले नाही. ते करणारा दुसरा कोणी नव्हता म्हणून आले. आणि येथेच मालकीचा प्रश्न उभा राहतो. ही दोन्ही माध्यमे खाजगी कंपन्यांची आहेत. त्या उद्या विकल्या जातील, नियम बदलतील, प्रवेशाला मूल्य लावतील. मेंडेली हे संशोधकांचे संदर्भसंग्रहाचे साधन २०१३ मध्ये एल्सेव्हिअरनेच विकत घेतले, हे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे प्रबंधांच्या विजकीय प्रती देणे आवश्यक झाले आणि इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेत त्या साठत गेल्या. ते भांडार सार्वजनिक आहे, त्यात प्रवेश करण्यासाठी खाते उघडावे लागत नाही, आणि त्यातील प्रबंध वाचणाऱ्याच्या आवडीनिवडी कोणा जाहिरातदाराला विकल्या जात नाहीत.

रिसर्चगेटने संशोधकांना एक गुणांकही बहाल केला होता. तो कसा काढला जातो याचा पुरा खुलासा कधीच झाला नाही, तरी मुलाखतींत, अर्जांत आणि विभागांच्या अहवालांत तो मिरवू लागला. अखेर २०२२ मध्ये त्या कंपनीनेच तो रद्द केला. याच काळात नॅक या संस्थेकडून होणाऱ्या विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी प्राध्यापकांच्या प्रकाशनांची व उद्धरणांची आकडेवारी सादर करण्याचे काम ठिकठिकाणी ग्रंथपालाच्या माथी आले. उद्धरणांवर आधारलेला एच-निर्देशांक कोणत्या सूचीवरून काढला, एकाच नावाच्या दोन माणसांचे लेख एकत्र तर झाले नाहीत ना, याची छाननी त्यालाच करावी लागते. आणि महाराष्ट्रात ती विशेष कष्टाची आहे. एस. पाटील, ए. जोशी, आर. देशमुख अशा नावांनी लिहिणारे किती जण असतील याची कल्पना कोणासही करता येईल. त्यात रोमन लिपीतील स्पेलिंगची विविधता आणि विवाहानंतर बदललेली नावे यांची भर. ऑक्टोबर २०१२ पासून सुरू झालेल्या ऑर्किड या व्यवस्थेत प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा कायम क्रमांक मिळतो, आणि तो कोणा कंपनीच्या नफ्यासाठी चालवला जात नाही. आपल्या प्राध्यापकांना हा क्रमांक घ्यावयास लावणे, तो इन्फ्लिबनेटच्या विद्वान या नोंदसंग्रहाशी जोडणे, हे आजच्या विद्यापीठीय ग्रंथपालाचे नवे तालिकीकरणच होय. पूर्वी ग्रंथकर्त्याच्या नावाची अधिकृत नोंद करताना जो काटेकोरपणा पाळला जाई, तोच येथे जिवंत माणसांच्या बाबतीत पाळावा लागतो.

फसव्या नियतकालिकांचा उपद्रवही समाजमाध्यमांच्या याच वाटेने आला. आठवड्याभरात निबंध छापून देण्याची हमी देणारे संदेश समूहांतून फिरू लागले, आणि पदोन्नतीच्या निकडीने गांजलेले अध्यापक त्यांना बळी पडू लागले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांची यादी एकट्याच्या हिमतीवर कित्येक वर्षे चालवली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती मागे घेतली. तिच्यात दोष होते, काही प्रकाशकांवर तिने अन्यायही केला असेल, परंतु एका विद्यापीठीय ग्रंथपालाने साऱ्या जगाच्या विद्वानांना सावध केले ही गोष्ट या व्यवसायाच्या इतिहासात नोंदवली जाईल. भारतात २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विश्वासार्ह नियतकालिकांच्या यादीसाठी केअर ही व्यवस्था उभी केली आणि तिचे कार्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ठेवले. २०१९ मध्ये तिची यादी प्रसिद्ध झाली आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद करून नियतकालिकाची पारख संस्थांवरच सोपवली. म्हणजे यापुढे यादीत नाव आहे असे सांगून सुटका नाही. संपादक मंडळ खरे आहे काय, परीक्षण खरोखर होते काय, शुल्क कशाचे घेतात, हे प्रत्येक विद्यापीठात कोणाला तरी पाहावे लागेल, आणि तो कोण असेल हे सांगावयास नको.

समाजमाध्यमांवरील मजकुराच्या संग्रहाच्या प्रश्नाला येथे थोडक्यात स्पर्श करतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एप्रिल २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक संदेशांचा संग्रह करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि २०१७ च्या अखेरीस तो सोडून निवडक संदेशांपुरताच संग्रह मर्यादित केला. जगातील एवढ्या समर्थ ग्रंथालयाला जे पेलले नाही ते आपल्या विद्यापीठांना पेलेल असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या विद्यापीठातील आंदोलने, विद्यार्थी-मंडळांची पत्रके, साहित्यविषयक वादविवाद हे सारे आता कागदावर उमटत नाही, समाजमाध्यमांवरच उमटते आणि विरून जाते; त्यातील निवडक भाग तरी स्थानिक ग्रंथपालाने वेळीच जतन करावा, एवढे शक्य आहे.

याहून मला अधिक चिंता वाटते ती वाचकाच्या गोपनीयतेची. कोणी काय वाचले हे ग्रंथपालाने कोणास सांगू नये, हा या व्यवसायाचा जुना दंडक आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेपासून ही जाणीव लेखी स्वरूपात चालत आली आहे. देवघेवीच्या मेजापाशी हा दंडक पाळणे कठीण नव्हते. आता एखादा विद्यार्थी मनोविकारावरील वा घटस्फोटाच्या कायद्यावरील पुस्तकाची विचारणा दोनशे माणसांच्या समूहावर करतो, त्याच्या नावासह, छायाचित्रासह आणि दूरध्वनी क्रमांकासह. आणि आपण काय उघड केले याची त्याला कल्पनाही नसते. फेसबुकच्या वापरकर्त्यांच्या माहितीच्या गैरवापराचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले तेव्हा अशा माहितीचा साठा कोठवर पोचतो हे जगाने पाहिले, आणि आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माझ्या मते यावर कायद्याइतकाच शिरस्त्याचा उपाय हवा: सर्वसाधारण प्रश्नांना समूहावर उत्तर द्यावे; वैयक्तिक स्वरूपाचा प्रश्न दिसताच तो ग्रंथालयाच्या अधिकृत ईमेलकडे वळवावा; आणि वाचकांच्या क्रमांकांची यादी कोणाही विक्रेत्याच्या हाती पडू देऊ नये.

राहिला या वाटांवर दिवसरात्र उभ्या राहणाऱ्या माणसाचा, म्हणजे ग्रंथपालाचा, प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालांच्या मूल्यमापनाचे जे निकष आहेत, त्यांत ग्रंथालयातील नियमित उपस्थिती आहे, परिसंवाद व कार्यशाळा आहेत, अद्ययावत तालिका आहे, हरवलेल्या ग्रंथांचे प्रमाण आहे, माहितीच्या प्रसाराच्या व्यवस्थेचाही उल्लेख आहे. परंतु रात्री दहा वाजता एका विद्यार्थिनीचा संदर्भ पुरा करून दिला, एका प्राध्यापकाला फसव्या नियतकालिकापासून वाचवले, दूरच्या व्यवसायबंधूची संगणकप्रणाली मार्गावर आणली, याची नोंद करण्यास त्या तक्त्यात रकाना नाही. जुन्या संदर्भविभागात प्रत्येक प्रश्नाची वहीत नोंद होई, आणि वार्षिक अहवालात त्यांची संख्या छापली जाई. ती संख्या दाखवून जादा कर्मचारी मागता येत. खाजगी भ्रमणध्वनीवर दिलेल्या उत्तराची वही नसते. म्हणून ते काम झालेच नाही असे प्रशासन समजते, रिक्त जागा भरण्याची घाई करीत नाही, आणि उरलेल्या माणसावरचा भार आणखी वाढतो. ज्या तत्परतेने ग्रंथपालाची प्रतिष्ठा वाढावयास हवी होती, तिनेच त्याची गरज झाकली जावी हा मोठा अन्याय आहे, आणि तो दूर करणे अवघड नाही.

म्हणून विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदांना माझी विनंती अशी की, ग्रंथालयाला स्वतंत्र अधिकृत क्रमांक द्यावा व त्याच्या वेळा जाहीर कराव्यात. त्यावर आलेल्या प्रश्नांची नोंद ठेवून ती वार्षिक अहवालात समाविष्ट करावी. करारनामे, ऑर्किड आणि नियतकालिकांची पारख यांविषयीचे मार्गदर्शन हे ग्रंथपालाच्या कामाच्या तासांत धरावे आणि त्यासाठी मनुष्यबळ मंजूर करावे. प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, निबंध स्वीकारला गेल्याच्या दिवशी त्याचे स्वीकृत हस्तलिखित जपून ठेवा, ते कोणत्याही कंपनीच्या माध्यमावर चढवण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या भांडारात जमा करा, आणि शंका आली तर ग्रंथालयाच्या वेळेत जाऊन ग्रंथपालाला विचारा.